हजेरीपटात न उमटणारे आजार

अभ्यासात मागे पडलेल्या मुलाचे आजारपण शाळेत आजारपण म्हणून क्वचितच येते. ते गैरहजेरी होऊन येते, उतारा वाचताना मध्येच तुटणाऱ्या ओळीतून येते, शेवटच्या तासाला बाकावर टेकलेल्या डोक्यातून आणि प्रगतिपुस्तकातल्या ‘लक्ष नाही’ या शेऱ्यातून येते. ताप आला, ओकारी झाली, तर आई ओळखते. रक्तात कमी पडलेले लोह, पोटातले जंत, अधू नजर, वर्षानुवर्षे वाहणारा कान ही दुखणी मात्र घरात आणि वर्गात स्वभाव म्हणून खपून जातात. मूल स्वतः तक्रार करत नाही. शेजारच्या मुलाला फळा कसा दिसतो हे त्याला कधी कळलेलेच नसते. वर्ग त्याला ‘ढ’ म्हणतो, घर ‘आळशी’ म्हणते, आणि दोन्हीकडे निदान चुकते.

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्टा हे परभणी-वसमत रस्त्यावरचे गाव. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा सोयाबीन, कापूस, ऊस आणि हळदीवर जगतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या पट्ट्यातील शाळेचे वर्ष पेरणीबरोबर सुरू होते. अभ्यासाची घाई आणि हळदीची काढणी, शिजवणी, वाळवणी जानेवारीनंतर एकाच वेळी येतात, तर वार्षिक परीक्षा उन्हाच्या तडाख्यात. विद्यार्थ्यांच्या आरोग्याचा आणि शिक्षणाचा संबंध समजून घ्यायला असे गाव शहरापेक्षा अधिक उपयोगी पडते. येथे खाणे, पीक, पाणी, हवामान आणि शाळा यांच्यातले धागे उघडे दिसतात.

सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी दिसणारे दुखणे म्हणजे पंडुरोग, बोलीत ‘रक्त कमी असणे’. शरीराला लोह लागते ते हिमोग्लोबिनसाठी, हे पाठ्यपुस्तकात असते. मेंदूलाही ते लागते, हे सहसा सांगितले जात नाही. मज्जातंतूंवरचे आवरण तयार होण्यासाठी आणि एकाग्रता, स्मरण, उत्साह यांच्याशी संबंधित रासायनिक संदेशांसाठी लोह आवश्यक असते. ते कमी पडले की मूल आजारी दिसत नाही, मंद दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार ५ ते ११ वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन ११.५ ग्रॅमच्या खाली आणि १२ ते १४ वर्षांच्या मुलाचे १२ ग्रॅमच्या खाली गेले, तर तो पंडुरोग. दहा ग्रॅमवर असलेले मूल पळते, खेळते, शाळेत येते. फक्त तिसऱ्या तासापासून त्याचे डोके चालेनासे होते.

प्रमाणाविषयी दोन सरकारी आकडे आहेत आणि ते जुळत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींना पंडुरोग होता. २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील मुलींमध्ये हे प्रमाण ४० टक्के, मुलांमध्ये १८ टक्के आणि ५ ते ९ वर्षांच्या बालकांमध्ये २४ टक्के आढळले. वयोगट सारखे नाहीत, आणि पहिल्या सर्वेक्षणात बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेतला होता, तर दुसऱ्यात शिरेतून रक्त काढून प्रयोगशाळेत तपासले होते. तज्ज्ञांचा हा वाद महत्त्वाचा असला तरी शिक्षकापुरता त्याचा अर्थ सोपा आहे. कमीत कमी आकडा धरला, तरी आठवीच्या वर्गातील दर पाच मुलींपैकी दोघी थकलेल्या रक्तानिशी बीजगणित शिकत आहेत.

मराठवाड्याच्या ताटात लोह नसते असे नाही. ज्वारी, बाजरी, डाळी, पालेभाज्या यांत ते असते. पण धान्यातल्या फायटेटमुळे ते आतड्यात नीट शोषले जात नाही आणि जेवणाला लागून घेतलेला चहा उरलेसुरलेही अडवतो. सकाळी चहात बुडवलेली बिस्किटे खाऊन शाळेत जाणे हा आता खेड्यातलाही नेम झाला आहे. त्याच जेवणावर लिंबू पिळले किंवा नंतर पेरू खाल्ला तर शोषण वाढते. शेताच्या बांधावर लिंबाचे झाड असलेल्या घरांना हा उपाय फुकट आहे, आणि तरीही तो सांगणारे कोणी नसते.

सरकारी उपाय गोळ्यांचा आहे. २०१८ पासून ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या नावाने चालणाऱ्या कार्यक्रमात ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा गुलाबी गोळी (४५ मिलिग्रॅम लोह) आणि १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना निळी गोळी (६० मिलिग्रॅम) द्यायची असते. योजना शास्त्रशुद्ध आहे, घोडे पेंड खाते ते वाटपात. उपाशी पोटी गोळी घेतली की मळमळते. दुसऱ्या दिवशी शौचाचा रंग काळा होतो. हे आधी सांगितलेले नसले, तर घरी गोंधळ उडतो आणि पुढच्या आठवड्यात गोळी खिडकीतून बाहेर जाते. खिचडी खाऊन झाल्यावर, बाईंच्या समोर, पाण्याबरोबर गोळी घेतली जाते त्या शाळेत हा कार्यक्रम चालतो. नुसत्या गोळ्या मोजून देणाऱ्या शाळेत तो कागदावर चालतो.

लोहाच्या कमतरतेला जंतांची साथ असते. हुकवर्म मातीतून, अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त शोषतो. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि फेब्रुवारी व ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. या साध्या गोळीवरून जगभरच्या अर्थतज्ज्ञांत आणि वैद्यकांत मोठे भांडण झाले आहे. मायकेल क्रेमर (२०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासह मानकरी) आणि एडवर्ड मिगेल यांनी केनियातील बुसिया भागातल्या शाळांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. जंतनाशक दिल्याने गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली, असा त्यांचा निष्कर्ष होता. परीक्षेतले गुण मात्र वाढले नव्हते. २०१५ मध्ये त्याच आकड्यांची फेरतपासणी झाली, त्यात त्रुटी निघाल्या, आणि वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्याने सरसकट जंतनाशकामुळे शैक्षणिक प्रगती होत असल्याचे नाकारले. दिल्लीच्या झोपडवस्त्यांतील बालवाड्यांत लोह, अ जीवनसत्त्व आणि जंतनाशक एकत्र दिल्यावर गैरहजेरी सुमारे एक पंचमांशाने घटल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. यातून एवढे म्हणता येते की जंतांचा उपाय एकट्याने थोडा आणि पोषणाबरोबर अधिक लागू पडतो. चप्पल आणि शौचालय यांच्याविना तो दर सहा महिन्यांनी पुन्हा करावा लागतो, हे वेगळेच.

खाण्याचे महत्त्व शाळेने सर्वांत उशिरा ओळखले. केंद्राची शालेय पोषण योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. पण बहुतेक राज्ये कोरडे धान्य वाटत राहिली. शिजवलेले जेवण मिळू लागले ते सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर. आजच्या निकषानुसार प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. महाराष्ट्रात या सगळ्याला एकच नाव आहे: खिचडी. तिची चेष्टा पुष्कळ झाली; शाळा म्हणजे खिचडीचे केंद्र, असे टोमणे गावोगाव मारले गेले. आकडे वेगळे सांगतात. तनिका चक्रवर्ती आणि राजश्री जयरामन यांच्या २०१९ च्या अभ्यासात, पाच वर्षांपर्यंत शाळेत जेवण मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण सुमारे १८ टक्क्यांनी आणि गणिताचे सुमारे ९ टक्क्यांनी अधिक होते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका अभ्यासाने दाखवले की ज्या मुलींनी शाळेत हे जेवण घेतले, त्या पुढे आई झाल्यावर त्यांची मुले तुलनेने कमी खुजी राहिली. एका पिढीच्या ताटातली डाळ दुसऱ्या पिढीच्या उंचीत उतरते, याहून चांगला परतावा देणारी सरकारी योजना सहज सापडणार नाही. तरीही महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे (न खाणाऱ्यांना केळी) देण्याचा निर्णय घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी थांबवला. वाढत्या वयाच्या मुलांच्या प्रथिनांबाबत हा हिशेब चुकीचा आहे, असेच म्हणावे लागते.

मराठवाड्यापुरता सर्वांत खोल धागा मात्र शाळेच्या स्वयंपाकघराच्याही पलीकडे, शेतात आहे. तीव्रत गर्ग, मौलिक जगनानी आणि विस ताराझ या अभ्यासकांनी भारतातील तापमान आणि मुलांचे परीक्षेतील गुण यांची सांगड घालून २०२० मध्ये एक निष्कर्ष मांडला. एखाद्या वर्षात सरासरी तापमान २९ अंश सेल्सिअसच्या वर गेलेले दिवस वाढले, की पुढच्या वर्षी त्या भागातील मुलांचे गणिताचे आणि वाचनाचे गुण घसरतात. वर्गातला उकाडा हे याचे मुख्य कारण नव्हते. घसरण प्रामुख्याने पिकाच्या हंगामातील उष्णतेशी जोडलेली होती. पीक करपले, घरातले उत्पन्न घटले, ताट हलके झाले, आणि मुलाच्या अंगातली व डोक्यातली ताकद कमी झाली, असा तो क्रम. हट्ट्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हे सांगायला अभ्यासकाची गरज नाही. सोयाबीन गेले त्या वर्षी घरात दूध येणे बंद होते, हे त्याला ठाऊक असते. शिक्षणखात्याला मात्र ते सांगावे लागते. निकाल घसरला की चौकशी शिक्षकाची होते, पावसाची होत नाही.

याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष महाराष्ट्राच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. रोजगार हमीची कामे जेथे उपलब्ध होती, तेथे उष्णतेचा मुलांच्या गुणांवरील परिणाम बराच सौम्य झाला होता. ही कल्पना देशाने महाराष्ट्राकडून घेतली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, नालाबांध घालणाऱ्या लाखो मजुरांच्या कामातून तिला आकार आला, वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या दुष्काळात वाटलेली सुकडी, म्हणजे पौष्टिक पीठ, आजच्या आजी-आजोबांना अजून आठवते. कामावरच्या आईबापांना मिळणारी मजुरी नातवंडांच्या पिढीत गणिताचे गुण वाचवील, हे तेव्हा कोणी मांडले नव्हते.

काम न मिळाले की घर उठते. दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांबरोबर मुलेही जातात. फडावरच्या कोपीत लस चुकते, जंताची गोळी चुकते, आरोग्य तपासणीच्या दिवशी मूल गावात नसते. मागे ठेवलेले मूल आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहते आणि त्याचे शिक्षण बऱ्यापैकी टिकते, म्हणून ही वसतिगृहे वेळेवर सुरू होणे फार मोलाचे आहे. ती स्थलांतर झाल्यानंतर सुरू झाली, तर रिकाम्या गावात रिकामी वसतिगृहे उभी राहतात.

डोळे आणि कान यांचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. तेथे कारणे गुंतागुंतीची नसतात, उपाय स्वस्त असतो, आणि तरीही मूल वर्षे गमावते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत दिल्लीतील ५ ते १५ वर्षांच्या सुमारे ७.४ टक्के मुलांना आणि एकेकाळी मराठवाड्याबरोबर हैदराबाद संस्थानात असलेल्या महबूबनगरच्या ग्रामीण भागात सुमारे ४ टक्के मुलांना लांबचे कमी दिसत होते. चाळीसच्या वर्गात अशी एक-दोन मुले बसलेली असतात. ती शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतात, आणि कॉपी केल्याबद्दल मार खातात. चष्मा मिळाला तरी मुलींच्या बाबतीत तो घरच्या पेटीत राहतो. ‘चष्मा लागला म्हणजे लग्नाला अडचण’ ही समजूत अजून मेलेली नाही. कानाचे दुखणे आणखी झाकलेले राहते. सततच्या सर्दीने फुटलेला कान वाहत राहतो, घरचे तेल ओततात, आणि मूल हळूहळू अर्धे ऐकू लागते. ‘ट’ आणि ‘ठ’ मधला फरक ज्याला नीट ऐकू येत नाही, त्याचे शुद्धलेखन सुधारायला छडी उपयोगी पडत नाही.

हळदीच्या मुलखात एक गोष्ट ओघाने सांगितली पाहिजे. शिसे हा धातू मुलांच्या बुद्धीवर थेट परिणाम करतो आणि लोह कमी असलेल्या शरीरात तो अधिक शोषला जातो. बांगलादेशात हळकुंडांचा पिवळेपणा वाढवण्यासाठी लेड क्रोमेट वापरले जात होते. २०१९ मध्ये बाजारातील ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले, सरकारने तपासण्या, दंड आणि जाहीर प्रचार केला, आणि २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आले. दोष पिकाचा नव्हता, रंग चढवणाऱ्याचा होता. ज्या जिल्ह्याचे नाव हळदीवर चालते, त्याने ही दक्षता स्वतःहून घेणे व्यापाराच्याही हिताचे आहे.

मुलींच्या शाळागळतीत पाळीचा वाटा आहे हे आता उघड बोलले जाते. महाराष्ट्राने ८ मार्च २०१८ रोजी अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळांतील मुलींना ८ पॅडचे पाकीट ५ रुपयांत देण्यास सुरुवात केली. पण पॅड बदलायला दार लागते, दाराला कडी लागते आणि आत पाणी लागते. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या गावात शाळेच्या शौचालयाचा क्रमांक शेवटचा असतो. त्या चार दिवसांची गैरहजेरी महिन्याला धरली, तर वर्षाकाठी महिन्याहून अधिक शाळा बुडते.

मनाच्या आजारांबाबत शाळा आणि घर दोन्ही मुकी आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातील होते. फोनवरून मोफत समुपदेशन देणाऱ्या टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर हवा. वाचन-लेखनाच्या विशिष्ट अक्षमतेबाबत महाराष्ट्राने १९९६ मध्येच परीक्षेत सवलती दिल्या, ही अभिमानाची गोष्ट. मात्र त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र मिळण्याची सोय दीर्घकाळ मोठ्या शहरांतच राहिली. खेड्यातला असा विद्यार्थी सवलतीविना नापास होत गेला.

मुलाला सक्तीने शाळेत आणायचे, तर त्याची प्रकृतीही पाहिली पाहिजे, हा विचार नवा नाही. बोअर युद्धात भरतीला आलेले तरुण मोठ्या संख्येने अपात्र ठरल्यावर इंग्लंडने १९०६ मध्ये शाळेतील जेवणाचा आणि १९०७ मध्ये शाळेतील वैद्यकीय तपासणीचा कायदा केला. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे शिक्षण लागू केले. बडोदा शहरात विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी १९०९ मध्ये झाली आणि भारतातील शालेय आरोग्यसेवेची सुरुवात तेथूनच मोजतात. १९४६ मध्ये आरोग्यविषयक भोर समितीने मात्र देशात अशी सेवा जवळजवळ नाहीच, असे नोंदवले. पुढे रेणुका राय समितीने १९६१ मध्ये शालेय आरोग्याविषयी शिफारशी केल्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम यायला फेब्रुवारी २०१३ उजाडले. त्याचा आरंभ तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांतील आजारांसाठी फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. पथकात दोन डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता असतात.

तपासणी होते, अडते ते पुढे. ‘जिल्हा रुग्णालयात दाखवा’ असा शेरा कार्डावर पडतो. हट्ट्याहून हिंगोलीला जायचे म्हणजे आईची किंवा वडिलांची एक मजुरी बुडते, दोघांचे तिकीट लागते, आणि रांग संपली नाही तर दुसरी खेप करावी लागते. परभणी जवळ, पण जिल्हा बदलला की कागद बदलतो. मूल जात नाही, कार्ड कपाटात जाते, आणि पुढच्या वर्षी तेच पथक त्याच मुलाच्या कार्डावर तोच शेरा लिहिते. त्याच कपाटाच्या वरच्या खणात त्या मुलाच्या गुणपत्रिका असतात. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहणे कोणाच्याच कामात लिहिलेले नाही. एक खाते तपासलेली मुले मोजते, दुसरे नापास झालेली.

आरोग्याचा आग्रह धरणाऱ्यांनीही एक गोष्ट मान्य करायला हवी. बिहारमध्ये शाळेच्या जेवणात लोह व आयोडीनयुक्त मीठ वापरले, मुलांचा पंडुरोग कमी झाला, पण त्यांच्या एकूण शैक्षणिक गुणांत फरक पडला नाही. जी मुले नियमित हजर राहिली त्यांच्यातच काही सुधारणा दिसली. शाळांत शौचालये बांधल्यावर पटसंख्या वाढली, परीक्षेतील गुण वाढले नाहीत, असे अंजली अदुकिया यांचा २०१७ चा अभ्यास सांगतो. यात आश्चर्य नाही. बरे झालेले मूल शिकण्यास समर्थ होते. त्याला शिकवावे लागतेच. एका शिक्षकावर दोन-तीन वर्ग असतील आणि उरलेला वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात जात असेल, तर हिमोग्लोबिन वाढूनही भागाकार येणार नाही. म्हणून लोहाची गोळी शिक्षकाच्या जागी मोजता येत नाही, आणि शिक्षकाने कितीही जीव ओतला तरी उपाशी मूल तो झेलू शकत नाही.

दवाखाना दूर असला, तरी सुरुवात वर्गात होऊ शकते. नजर तपासण्याच्या तक्त्यासाठी डॉक्टर लागत नाही, वीज लागत नाही. मुलाने एक डोळा झाकून अक्षरे वाचायची, एवढेच. तक्ता ६ मीटर, म्हणजे सुमारे २० फूट अंतरावर लावायचा असतो. जिल्हा परिषद शाळेची वर्गखोली साधारण तेवढीच लांब असते.